डोळे मिटलेली काच

त्या काळी आमच्याकडे घरटी एखादा तरी चेहरा देवीच्या व्रणांचा असायचाच. शेगावात माझा फोटो स्टुडिओ होता आणि माझं सगळं नाव त्या व्रणांवर उभं होतं. काचेवर फोटो उठला की मी ती काच उजेडासमोर धरायचो आणि टोकदार पेन्सिलीनं चेहऱ्यावरचा एकेक खड्डा भरून काढायचो. काचेवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं दिसतं. त्यामुळे पेन्सिल लागली की छापलेल्या फोटोत तो डाग उजळून नाहीसा व्हायचा. मुलीचा फोटो मुलाकडे पाठवायचा असला की खामगावाहूनही लोक माझ्याकडे यायचे. लग्नानंतर एकदोन नवरदेव भांडायलाही आले होते, पण मला त्याचंही कौतुकच वाटायचं. आपल्या हाताचा फार ताठा होता मला. आता सांगताना लाज वाटते.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. आमच्या भागात पोलिसांकडे तेव्हा स्वतःचा कॅमेरा नव्हता. काही घडलं की हवालदार माझ्या दारात. एका दुपारी त्यानं नवराबायकोचं एक जोडपं आणलं. नवरा पस्तिशीचा, जवळच्या खेड्यातला शेतमजूर, डाव्या गालावर फडकं धरलेला. आत येताच फडक्याआडूनच त्यानं मला जय भीम केला. मेलेली गुरं ओढून न्यायचं काम त्यानं आणि त्याच्या भावकीनं सोडलं होतं. तो राग मनात धरून गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या पोरानं त्याच्या तोंडावर काठी हाणली होती. काठीला लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या. फडकं काढलं तेव्हा गालावर त्या तीन कड्या जशाच्या तशा उमटलेल्या दिसल्या. मला बघवेना.

हवालदारानं सगळं सांगितलं. दवाखान्यातले डॉक्टर रजेवर होते, ते येईतो सूज उतरणार. ज्यांनी पाहिलं ते तोंड उघडायला तयार नव्हते. पोरगा म्हणत होता, हा बैलगाडीवरून पडला. गाडीवरून पडून गालावर कड्या उठत नाहीत हे सांगणारा साक्षीदार एकच, माझा फोटो. त्याच्याशिवाय खटल्यात काही दम नव्हता.

मी दोन काचा काढल्या. दोन काढायची माझी रीतच होती, एकीत माणूस हलला तर दुसरी हाताशी असावी म्हणून. बसायच्या आधी त्या माणसानं सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि ओल्या हातानं केस बसवले.

"पह्यलाच फोटो हाये भाऊ माहा," तो म्हणाला.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. काचा धुतल्या तर एकीत त्याचे डोळे मिटलेले. ती मी रद्दीच्या खोक्यात टाकली. दुसरी चांगली आली होती. तीन कड्या स्पष्ट, आणि चेहराभर देवीचे खड्डे. माझा हात आपसूक पेन्सिलीकडे गेला. कड्यांना मी शिवलो नाही, अगदी शपथेवर सांगतो. फक्त खड्डे भरले. बिचाऱ्याचा जन्मातला पहिला फोटो, तो तरी नीट यावा, असं वाटलं. दया म्हणा की सवय म्हणा. हवालदारानं तो फोटो पाहिला आणि माझी पाठ थोपटली.

खटला खामगावच्या कोर्टात उभा राहिला. मी इस्त्रीचा कोट घालून गेलो होतो. समोरच्या वकिलानं माझी काच मागून घेतली, खिडकीशी जाऊन भिंगातून बराच वेळ पाहिली आणि माझ्याकडे वळून फार गोड बोलायला लागला. त्याच्या भाचीचं लग्न म्हणे माझ्याच फोटोवर जमलं होतं. असा हात अकोल्यातही मिळायचा नाही, असं तो म्हणाला. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. या काचेवर पेन्सिल फिरवली का, असं त्यानं विचारलं, तर मी छाती फुगवून हो म्हणालो.

"कुठे फिरवली ते कोणाला ओळखता येईल?"

"माझ्या हातची कोणालेच ओळखता येत नाही, साहेब."

"मग गालावरच्या या तीन खुणा तुमच्याच हातच्या नाहीत, हे कोर्टानं कशावरून ओळखायचं?"

कोर्टात खसखस पिकली. माझं डोकं फिरलं. पेन्सिलीनं डाग पुसता येतो, उठवता येत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण मी चिडून बोलायला लागलो आणि आपल्या कसबाचं पुराणच सांगत बसलो. जितकं सांगावं तितकं ऐकणाऱ्याला वाटणार की हा गडी वाटेल ते करू शकतो. मॅजिस्ट्रेट साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी मला थांबवलं आणि शांतपणे विचारलं, या माणसाची हात न लावलेली दुसरी एखादी काच तुमच्याकडे आहे का?

होती. दुकानातल्या खोक्यात होती आणि ती तिथे आहे हे मला त्या क्षणी लख्ख आठवत होतं. पण त्यात डोळे मिटलेले, तोंड जरा वाकडं. आधीच लोक हसत होते, त्यांच्यापुढे तो फसलेला फोटो माझं काम म्हणून कसा ठेवू?

"नाही साहेब," मी म्हणालो.

पिंजऱ्यातून उतरलो तेव्हा तो माणूस दाराशी उभा होता. त्यानं मला हात जोडले. कोणीतरी आपल्या बाजूनं साक्ष द्यायला आलं, याचंच त्याला मोठं वाटत होतं.

पोरगा संशयाचा फायदा मिळून सुटला. मिरवत गावात परतला. त्यानंतर त्या नवराबायकोला तिथे राहणं कठीण झालं आणि ते मजुरीला संग्रामपूरकडे निघून गेले. मी शेतकऱ्याकडून पैसे खाल्ले, अशी कुजबुज शेगावात सुरू झाली. ते धादांत खोटं होतं आणि त्या खोट्यावर मी वर्षानुवर्षं संतापत राहिलो. त्या संतापाचा मला आधारच झाला. खरं काय केलं होतं ते त्यामुळे बघावं लागलं नाही.

सातआठ वर्षांनी ती बाई एकटीच दुकानात आली. मी ओळखलं नाही, तिनंच ओळख दिली. नवरा तापानं गेला होता. भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि जन्मात एकदाच काढलेला, तो माझ्याकडे. कोर्टात दिलेल्या फोटोची एक प्रत माझ्याकडे होती, ती मी पुढे केली. तिनं जवळ धरून पाहिली, लांब धरून पाहिली.

"हा कोन होय?" तिनं विचारलं. आमच्या माणसाच्या तोंडावर देवीच्या खुणा होत्या, असं म्हणून तिनं फोटो परत दिला.

मी आत गेलो. खोकं उपसून तळातून ती दुसरी काच काढली आणि पेन्सिल न लावता छापली. तिनं फोटो हातात घेतला मात्र, आणि खालीच बसली. एकेका खड्ड्यावरून तिनं बोट फिरवलं, मग तीन कड्यांवरून. मान वर करून तिनं विचारलं, "हा कोर्टात काऊन नाई दाखवला?"

काच नंतर सापडली, असं सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. एकदा खोटं बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा जमलं नाही.

"त्यात डोळे मिटले होते," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही, नुसतीच, काही समजत नसल्यासारखी.

"डोये मिटले तं काय झालं भाऊ? मार तं दिसते."

मी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. माझी चूक झाली, एवढे तीन शब्द बोलायचे होते. तिनं विचारलं, संग्रामपूरची मोटार किती वाजता आहे? मी तिला मोटारीची वेळ सांगितली.