समोरची खुर्ची

मधल्या सुट्टीचा गोंगाट हळूहळू लांब जातो, तशी सुनेत्राची मान टेबलावर कलंडते. शाळेच्या समुपदेशकबाईंनी भरदुपारी डुलक्या काढणं शोभत नाही, हे तिलाही कळतं. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही. आज शाळा सुटताना गौतमीचे वडील येणार आहेत, मुलीचं नाव शाळेतून काढायला. घरी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या तिसरीतल्या या पोरीनं शाळेत वर्षभर चकार शब्द काढलेला नाही. पोरं तिला मुकी म्हणतात.

“झोपलीस व्हय गं?”

खिडकीपाशी हुपरेबाई बसल्या आहेत. सुनेत्राच्या आधी याच खोलीत मुलांना भेटायच्या त्या हुपरेबाई, गेल्या दिवाळीत वारलेल्या. ओच्यात शेंगा घेऊन फोडतायत, आणि सुनेत्राला त्याचं काहीच नवल वाटत नाही. बाई पूर्वीही अशाच बसायच्या. मूल आलं की त्याच्यापुढेही मूठभर टाकायच्या.

“बाई, ती बोलतच नाही. चित्रं दाखवली, बाहुल्या दिल्या, सगळं विचारून झालं.”

“आणि ती बसती कुठं?”

“समोर. या खुर्चीत.”

बाई खुदकन हसतात. “समोर चोराला बसवतात गं. न्हाईतर बघायला आणलेल्या पोरीला.”

बाहेरच्या गल्लीतले यंत्रमाग आता खोलीतच खडखडतायत. भिंती लांब लांब सरकतात, फळ्याच्या जागी सुताच्या कांड्यांचा ढीग येतो, आणि मधोमध ती खुर्ची एकटीच उरते. खुर्चीत सुनेत्राच आहे, फ्रॉकमधली, पाय जमिनीला न टेकणारी. कुणीतरी मोठं माणूस वाकून विचारतंय, बोल ना, बोल की. तिला फार भीती वाटते.

मग बाई शेजारी येऊन टेकतात. तिच्याकडे बघतही नाहीत. नुसती एक शेंग तिच्या मुठीत सरकवतात.

“मी काय बोलू, बाई?”

“बोल म्हणून कोण म्हणतंय? फोड की.”

बाई उठायला लागतात. “थांबा ना थोडं.”

“घंटा झाली बघ.”

घंटा खरंच होते. सुनेत्रा दचकून उठते. मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते तर आत एक शेंग, हाताच्या उबेनं कोमट झालेली. या खोलीत बाई गेल्यापासून कुणी शेंगा आणलेल्या नाहीत. तिला एकदम भरून येतं. बाईंची इतकी आठवण तिला त्या गेल्या त्या दिवशीही आली नव्हती.

दारात गौतमी उभी आहे, रोजच्यासारखी खाली मान घालून. सुनेत्रा डोळे पुसते, समोरची खुर्ची ओढून आपल्या खुर्चीला लावते आणि काही न विचारता शेंगेला बोटानं दाबत बसते. गौतमी जराशानं येऊन टेकते. टरफल कट्‌कन उघडतं. दोघी वाकून बघतात.

“ह्यो दाणा किडका हाय, बाई,” गौतमी म्हणते.