मातीचा ढीग

मी जात्याच भित्री आहे. पाल, उंदीर, अंधार यांचं मला काही वाटत नाही. मला भीती वाटते ती मागून येणाऱ्या गोष्टींची. नवरा म्हणतो, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि हिच्यापाठी कंटेनर." त्यात खोटं काही नाही. चाळिशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि मी हौसेने सायकल घेतली. पहिल्याच आठवड्यात उरणच्या रस्त्याला लागले. जासईच्या अलीकडे एक ट्रेलर इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानेच मी रस्त्याखाली उतरले आणि चिखलात बसले. लागलं काहीच नाही, पण हँडलवरची बोटं सुटेनात. एका टपरीवाल्याने ती एकेक करून सोडवली आणि पाणी दिलं. सायकल चालवायची तर जिथे गाडी नाही तिथेच, हे मी त्या दिवशी ठरवलं.

पनवेलला राहून असे रस्ते शोधायचे म्हणजे सोपं काम नव्हतं, पण भीती माणसाला कष्टाळू करते. नेऱ्याच्या पुढे, माथेरानच्या डोंगराखाली मला ते सापडले. सकाळी सातच्या आत गेलं तर चढउतारांवर आपण आणि सागाची पानं, एवढंच. आठनंतर फार्महाउसवाल्यांच्या गाड्या सुरू होतात, तेव्हा त्याआधी परत फिरायचं. कोणत्या वळणावर कुत्री, कोणत्या उतारावर खडी, कुठे मोबाइलला रेंज नाही, हे सगळं मला पाठ झालं. आमच्या सोसायटीतल्या पाच बायका माझं बघून सायकल चालवायला लागल्या. त्यांच्या ग्रुपवर मी दर शनिवारी रस्ता लिहून टाकायची, आणि त्या म्हणायच्या, भित्र्या माणसाने सांगितलेला रस्ता म्हणजे भरवशाचा. मला ते फार आवडायचं.

सहावे सायकलवाले म्हणजे माझे सासरे. वय एकाहत्तर. त्यांचं गाव गव्हाणच्या बाजूचं, आणि सगळा जन्म मिठागरात गेलेला. मिठागर गेलं, शेत गेलं, पैसे आले आणि आम्ही पनवेलला चौथ्या मजल्यावर राहायला आलो. तिथे त्यांना करायला काहीच उरलं नव्हतं. सकाळी उठून बाल्कनीत उभे राहायचे आणि दुपारी आत यायचे. मी नवी सायकल घेतली तेव्हा जुनी त्यांनी न विचारता उचलली, चेनला तेल घातलं आणि खाली एक चक्कर मारून आले. चेहरा बघण्यासारखा झाला होता. नवऱ्याला मात्र ते मुळीच पसंत नव्हतं. शेवटी मी मध्ये पडले. म्हटलं, मी सांगेन त्याच रस्त्याने ते जातील. नवरा म्हणाला, "ठीक आहे. पण काही झालं तर जबाबदारी तुझी, आणि सायकल त्याच दिवशी भंगारात." मी हो म्हटलं.

डिसेंबरात मला तो नवीन रस्ता सापडला. नेऱ्याच्या पलीकडे डोंगर फोडून मोठा रस्ता करतायत, तो अजून सुरू व्हायचाय. काळंभोर ताजं डांबर, पांढरे पट्टेसुद्धा मारलेले नाहीत, एवढ्या रुंद रस्त्यावर एकही गाडी नाही. एका कडेला कुणीतरी गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. मी हरखून गेले. तीनेक किलोमीटर गेल्यावर डोंगरातला कट आला, म्हणजे दोन्ही बाजूंना तासलेला खडक आणि मधून रस्ता. तिथे शिरल्यावर माझ्याच चेनचा आवाज दोन्हीकडून परत यायला लागला. मागे बघितलं, कोणी नव्हतं. पुन्हा बघितलं. मग जो घाम फुटला, तो काही केल्या थांबेना. मी सायकल वळवली आणि नेऱ्यापर्यंत न थांबता आले.

घरी नवऱ्याने विचारलं, "शेवटपर्यंत गेलीस, की निम्म्यातून पळालीस?"

"शेवटपर्यंत गेले," मी म्हटलं.

"काय आहे शेवटी?"

आता बंद रस्त्याच्या शेवटी काय असतं? मातीचा ढीग असतो. आमच्याकडे इतके रस्ते अर्धवट आहेत की ते लहान पोरही सांगेल. "मातीचा ढीग आहे," मी म्हटलं, "तिथून वळायचं." सासरे शेजारी बसून ऐकत होते. एकदा बोलल्यावर मग मी ग्रुपवरही तसंच लिहिलं, आणि वर चांगलं सजवून लिहिलं: ढीग दुरूनच दिसतो, घाबरायचं कारण नाही.

जानेवारीतला तो रविवार. सासरे सहाला निघाले होते. नवीन रस्त्याला जातो, हे त्यांनी रात्रीच सांगितलं होतं. दोन बायका साडेसातच्या सुमाराला त्याच रस्त्यावर पोचणार होत्या. मला सर्दी झाली होती म्हणून मी घरीच. पावणेसातला उठून खिडकी उघडली तर समोरची बिल्डिंग नाही. एवढं धुकं आमच्याकडे वर्षातून एखाद्या वेळीच पडतं. तरी मी निवांत होते. गाड्याच नाहीत तिथे, धुकं काय करणार?

दूधवाला उशिरा आला. तो नेऱ्याकडचाच. धुक्याने वाट लावली म्हणाला. मी सहज म्हटलं, आमचे बाबा तिकडेच गेलेत, नवीन रस्त्याने ढिगापर्यंत.

"कसला ढीग?" तो म्हणाला. "ढीगबीग काय नाय तिथं. रस्ता सरळ जातो नि पुलावर तुटतो. अर्दाच पूल झालाय, खाली नदी हाय."

मी सासऱ्यांना फोन लावला. तो त्यांच्याच खोलीत, उशीजवळ वाजला.

पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. स्कूटरची किल्ली नवऱ्याच्या कपाटात होती. ती घ्यायला गेले असते तर तो जागा झाला असता, आणि जागा झाला असता तर ढिगाचं सांगावं लागलं असतं. सासरे नदीत पडले असतील हा विचार डोक्यातून जात नव्हता, आणि तरीही नवऱ्यासमोर खोटं उघडं पडेल याची भीती त्याहून मोठी ठरली. मी सायकल काढली. लिफ्टमध्ये बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, "आज नवीन रस्त्याला जाऊ नका, धुकं आहे." फक्त धुकं आहे एवढंच लिहिलं. दोघींनाही तो मेसेज पोचल्याची खूण येईना.

नेऱ्याचा रस्ता मी अर्ध्या तासात कापला. धुक्यातून रिक्षा, टेम्पो अंगावर येत होते, पण त्या दिवशी मला एकाचंही भय वाटलं नाही. उलट ती माणसं होती याचाच आधार वाटत होता. नवीन रस्त्याला वळले आणि तो आधार संपला. पुढचं चाक दिसत होतं, त्यापुढे हातभर डांबर, त्यापुढे पांढरं. माझ्या आवडत्या निर्मनुष्य रस्त्यावर हाक मारली तर ओ द्यायला कोणी नव्हतं. इतकी वर्षं मी हेच शोधत आले होते, आणि तिथेच म्हाताऱ्या माणसाला एकटं पाठवलं होतं.

"बाबा," मी हाक मारली. पुन्हा मारली.

कट आला. दोन्हीकडून चेनचा आवाज परत यायला लागला. डिसेंबरात वळले होते ती जागा मागे पडली. त्यापुढचा रस्ता मी कधी बघितलाच नव्हता. खरं तर उतरून चालायला हवं होतं, पण मला घाई झाली होती, आणि रस्ता हलक्या उताराला लागला होता. मनात नको नको ते येत होतं. पाण्यात पडलेली माझीच जुनी सायकल दिसत होती. नवऱ्याला काय सांगायचं याची वाक्यंसुद्धा मी जुळवत होते. ती सगळी पुन्हा खोटीच होती.

"उतर," समोरून आवाज आला. "सायकलीवरनं उतर आदी."

अजिबात न चढवलेला आवाज, जेवताना मीठ मागावं तसा. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि कुशीवर पडले. कोपर सोलवटलं. धुक्यातून सासरे आले, मला उठवलं, सायकल उभी केली. त्यांचे हात कोपरापर्यंत मातीने भरलेले होते.

मला रडू फुटलं. ते माझा हात धरून पाचसहा पावलं पुढे घेऊन गेले. तिथे रस्त्यावर आडवी दगडमातीची रांग घातलेली होती, मधे गुडघ्याएवढी, कडांना जेमतेम वीतभर. त्यांची सायकल तिच्यावर आडवी टाकलेली, तिला लाल मफलर बांधलेला. रांगेच्या पलीकडे चार पावलांवर डांबर संपत होतं. काँक्रीटमधून लोखंडी सळ्या बाहेर आल्या होत्या, आणि खाली कुठेतरी पाणी वाजत होतं.

"तुम्ही थांबलात कसे?" मी विचारलं.

"मी बसलोच नव्हतो सायकलीवर. धुक्यात मिठागराच्या बांधावर सायकल चालवतं का कोन? उतरायचं, नि सायकल पुडं ढकलत चालायचं. पुडचं चाक खाली गेलं का थांबायचं." त्यांनी चाक दाखवलं. "गेलं खाली. मी मागं वडली."

"मग परत का नाही आलात लगेच? माझा जीव गेला होता."

"तुज्या बाया येनार व्हत्या ना साडेसातला? त्या तुजा ढीग शोदत आल्या असत्या." ते वाकून कडेची माती ओंजळीने उचलायला लागले. "ढीग नव्हता, म्हनून केला."

मी तिथेच खाली बसले. काही वेळाने मीही उठून दगड आणायला लागले. धुकं जरा विरळ झालं आणि नदीचं पात्र दिसलं. चार मजल्यांएवढं खोल असेल.

"बाबा, मी खोटं बोलले होते," मी म्हटलं.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "चाक खाली गेलं तवाच कळलं, का तू हितवर कवा आलीच नव्हतीस. आली असतीस तर मला येऊ दिलं असतंस व्हय?"

एवढंच बोलले. मला कुणी कानाखाली मारली असती तरी चाललं असतं.

निघताना त्यांनी मफलर सायकलीचा सोडला आणि ढिगावरच्या एका दगडाला बांधून ठेवला. कट ओलांडून नेऱ्यात आल्यावर रेंज आली. दोघी बायका धुकं बघून घरीच थांबल्या होत्या. सासरे म्हणाले, "त्यांना खरं लिव. घरात नको सांगू. माजी सायकल जाईल." मी रस्त्याच्या कडेला उभी राहून लिहिलं: शेवटी ढीग नव्हता, पूल तुटका आहे, मी शेवटपर्यंत गेलेच नव्हते. त्यांनी माझी सायकल धरून ठेवली होती.

घरी नवरा पेपर वाचत होता. माझं कोपर बघून म्हणाला, "हे काय? आणि सर्दी होती ना तुला?"

"धुकं होतं," मी म्हटलं. "बाबांसाठी गेले."

"कशाला? तू तर म्हणाली होतीस, शेवटी ढीग आहे."

खरं सांगावं तर म्हाताऱ्याची सायकल जाणार, आणि न सांगावं तर माझं खोटं तसंच राहणार. सासरे मोरीतून हात धुऊन आले. नखांतली माती गेली नव्हती. खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी चहा पुढे घेतला.

"हाय ना ढीग," ते मुलाला म्हणाले. "मी सोता बगितला. गुडग्याएवडा हाय."

नवऱ्याने मान हलवली आणि पेपर उलटला. मी उठले आणि उरलेला चहा सासऱ्यांच्या कपात ओतला.