देवी निजली होती त्या दिवशी

मी आळशी नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. फिट येते ती दोन मिनिटांची. ती सगळ्यांना दिसते. तेव्हा पाणी मारायला, कांदा हुंगवायला जळोचीतली आमची अख्खी गल्ली धावते. नंतरचे दोन दिवस मात्र कोणाला दिसत नाहीत. जीभ चावलेली असते, अंगात त्राण नसतं, समोरच्या माणसाचं नाव आठवत नाही. त्यात गोळ्यांची गुंगी. शिवणयंत्रावर बसल्या बसल्या डोळा लागतो आणि कोणाचा तरी ब्लाऊज तसाच सुईखाली राहतो. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "फिट महिन्यातनं एकदा, झोपा मातुर रोज." त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते जास्तच लागायचं.

पोळ्यानंतरची गोष्ट. माझी सात वर्षांची लेक सई शाळेतून आली तेव्हा मी झोपलेले, दाराला आतून कडी. सासूबाई गावाला गेलेल्या. पोर तासभर पायरीवर बसून राहिली. हाका मारून तिचा घसा बसला होता. त्या संध्याकाळी ठरलं, की दिवाळीनंतर सईला भवानीनगरला माझ्या नणंदेकडं ठेवायचं, तिथल्याच शाळेत घालायचं. माझा नवरा वाईट माणूस नाही. खाली मान घालून तो एवढंच म्हणाला, "पोरीचे हाल नकोत."

मग मी वेडेपणा केला. घट बसले त्या दिवशी माहेरच्या देवीला नवस बोलले. नऊ दिवस उपास करीन, अनवाणी राहीन, गोळ्यांना शिवणार नाही. तू मला जागं ठेव आणि माझी लेक माझ्याजवळ राहू दे. कोणाला सांगितलं नाही. गोळ्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्या. पहिले चार-पाच दिवस खरंच तरतरीत गेले. देवीनं ऐकलं असं वाटून मी दोनदा तिच्या नावानं रडलेसुद्धा. दसऱ्याला पोळ्या लाटताना हात मधूनच झटके देत होते, तर देवीचंच वारं असेल अशी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी नवस फेडायला एकटीच एसटीनं माहेरच्या गावी, वरकुट्याला गेले. देवीसमोर उभं राहून एकदा विचारायचं होतं, सुटले ना मी आता? पण गाभाऱ्याला पडदा लावलेला. फटीतून पाहिलं तर देवीची मूर्ती पलंगावर आडवी, अंगावर शाल. दैत्याशी लढून दमलेली देवी दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत निजते, ही आमच्या देवळाची रीत. लहानपणापासून पाहिलेली, आणि नेमकी तीच मी विसरले होते. मला रडू आलं नाही, राग आला. जिच्याकडं जागेपण मागितलं, तीच झोपलेली. एवढं मनात आलं आणि पुढचं काही आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा मी सभामंडपात एका कुशीवर होते. डोक्याखाली घडी केलेली घोंगडी, तिला मेंढरांचा वास. एक म्हातारी माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती. भोवती गर्दी नव्हती, नाकाला कांदा नव्हता. माझी साडी ओली झाली होती, त्यावर तिनं आपली चादर टाकली होती. मी लाजेनं उठायला लागले.

"पडून ऱ्हा," ती म्हणाली. "माझ्या भावाला हेच हुतं. उठायची घाई न्हाय करायची."

"झोपूनच वाटोळं झालंय, आजी," मी कसंबसं म्हणाले. "लेक चाललीय माझी." आणि गोळ्यांचंही सांगून टाकलं.

तिनं पडद्याकडं बोट केलं. "नऊ दिस लढली म्हणून ही पाच दिस निजती. तिला कुणी आळशी म्हणतं व्हय? आन् तलवार बघ तिची. निजली तरी उशालाच हाय. तू तुझी का टाकलीस?"

मी तिथंच फरशीवर झोपले. लग्नानंतर इतकी निवांत झोप मला लागली नव्हती. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. घोंगडी होती, म्हातारी नव्हती. गुरव म्हणाले, मेंढरंवाल्या बायका येतात जातात, कुणाकुणाला ध्यानात ठेवायचं? ती कोण होती यावर मी वाद घालणार नाही. घोंगडी गुरवांकडं देऊन आले.

घरी येऊन नवऱ्याला सगळं खरं सांगितलं. त्यानं दवाखान्यात नेलं तर डॉक्टर फार रागावले. गोळ्या अशा एकदम बंद करणं जिवावर बेतलं असतं. त्यांनी औषध बदलून दिलं. थकवा थोडा हलका झाला, गेला नाही. फिटही येतात. आणि सई दिवाळीनंतर गेलीच. शनिवारी दुपारी ती येते, रविवारी संध्याकाळी जाते, आणि पिशवी भरताना माझ्याकडं बघत नाही.

देवीच्या झोपेची गोष्ट मी तिला सांगितली होती. गेल्या शनिवारी ती यायच्या आधीच मला फिट येऊन गेली, म्हणजे तिचा रविवार मी अंथरुणातच घालवणार होते. त्याच दुपारी, सई आल्यावर, शेजारीण ब्लाऊज न्यायला आली. दारातून सईचा आवाज ऐकू आला, "आई निजलीय. लढून दमलीय ती. उठल्यावर या." मग आत येऊन तिनं खोलीचा पडदा ओढला आणि गोळ्यांची डबी माझ्या उशाशी ठेवली. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

पडल्या पडल्या मी देवीला हात जोडले. आई, मी मागितलं होतं ते तू दिलं नाहीस. जे दिलंस ते पदरात घेते, आता भांडत नाही. बाहेर सई राखण करत बसली होती, त्याच पायरीवर. मी डोळे मिटले.