दोन तारा, दोन मानकरी

मोबीनभाईंना काहीही विचारलं की ते आधी उलट विचारत, "आलं कुठून? जाऊन कुठं राह्यलं?" प्रश्न इंटरनेटचा असो की पाहुण्यांचा. एकदा दवाखान्याच्या दारात माझ्या सासऱ्यांनाही त्यांनी हेच विचारलं आणि सासरे रुसून थेट जऊळक्याला परत गेले. मोबीनभाईंना त्याचं काही नाही. "पत्ता सांगत नाई त्याले मी काय रस्ता देऊ?" म्हणाले.

वाशिममधल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्याचं कॉम्प्युटर खातं म्हणजे मोबीनभाई. खात्यात दुसरं कुणी नसल्यामुळे भांडणाची हौस ते स्वतःशीच भागवून घेत. मी सीटी स्कॅनचा तंत्रज्ञ. मी काढलेला स्कॅन सर्व्हरवरून अकोल्याच्या डॉक्टरांकडे जायचा, कारण स्कॅन वाचणारा डॉक्टर आमच्याकडे टिकत नसे. तिकडून फोन येईपर्यंत पेशंटचं पुढे काय करायचं, हे ठरत नसे.

मग दवाखान्याला सुबत्ता आली. अध्यक्षांच्या भाच्याने इंटरनेटची लाइन दिली. ते पाहून उपाध्यक्षांच्या जावयाने दुसरी दिली. सर्व्हरला दोन्ही तारा लागल्या, दोन नारळ फुटले आणि दोघांची मागणी एकच: बाहेर जायचा मुख्य रस्ता आमचाच हवा. लग्नपत्रिकेत नाव खाली आलं म्हणून सोयरीक मोडणारी आमची माणसं. तारेच्या बाबतीत बरी समजूतदार होतील!

"साहेब," मोबीनभाई सभेत म्हणाले, "सर्व्हरले मुख्य रस्ता एकच लागते. दोन देले त सवाल ह्या दारातून येते अन् जवाब त्या दारातून जाते. मंग समोरचा म्हनते, हा कोन? मी याले वळखत नाई."

"मोबीन, यात राजकारण आनू नको," अध्यक्ष म्हणाले. "दोघायलेबी मान दे."

मान दिला गेला. सर्व्हरला दोन मुख्य रस्ते झाले आणि स्कॅन अर्ध्यावर अडकू लागले. दोन्ही मान्यवरांचं निदान जुळत होतं: दुसऱ्याची लाइन खराब आहे. आम्ही स्कॅनची सीडी करून अकोल्याच्या एसटीत कंडक्टरच्या हाती देऊ लागलो. एसटीला रस्ता एकच असल्यामुळे ती मात्र पोहोचायची.

एका दुपारी शेलूबाजारजवळ जीप उलटली. कांताबाई नावाच्या अंगणवाडी सेविकेच्या डोक्याला मार लागला होता. मी स्कॅन काढला तेव्हा ती बोलत होती. थोड्या वेळाने तिचे शब्द अडखळायला लागले. अकोल्याचे डॉक्टर फोनवर सांगत होते, "अर्धाच आला." पुन्हा पाठवला, पुन्हा अर्धाच. दारात तिचा नवरा उभा होता. "भाऊ, फोटो गेला काय?" एसटीची वाट पाहण्याइतका वेळ त्या बाईकडे नव्हता.

मोबीनभाई सर्व्हरसमोर बसले. "कोणाचा रस्ता काढता?" मी घाबरत विचारलं.

"लेका, बाई मरून राह्यली अन् तुले सोयरे सुचतात?"

भाच्याची लाइन त्या दिवशी जागी होती, जावयाची पेंगत होती. एवढ्याच निकषावर त्यांनी एक ओळ टाइप केली आणि जावयाचा रस्ता काढून टाकला. स्कॅन गेला. डॉक्टरांचा फोन आला, "डोक्यात रक्त साचतंय, लगेच हलवा." कांताबाईचं अकोल्यात ऑपरेशन झालं आणि ती वाचली.

संध्याकाळी जावयाच्या लक्षात आलं की आपल्या लाइनवर चिटपाखरू नाही. हा घोर अपमान होता. अध्यक्षांची लाइन जिंकली होती, तेव्हा ते तरी मोबीनभाईंची बाजू घेतील असं मला वाटलं. पण ट्रस्टची निवडणूक तोंडावर होती आणि उपाध्यक्षांना दुखवून चालणार नव्हतं. मोबीनभाईंची ट्रस्टच्या मेडशीतल्या उपकेंद्रात बदली झाली. तिथे एक कॉम्प्युटर आणि एक तार. निरोप समारंभात अध्यक्ष-उपाध्यक्षांनी दोन वेगवेगळ्या शाली दिल्या, कारण एका शालीत मानाची वाटणी झाली असती. मला इतका राग आला की मी समोसा खाल्ला नाही. माझा निषेध तेवढाच.

समारंभानंतर त्यांनी मला सर्व्हरसमोर बसवलं आणि ती ओळ माझ्याकडून घोटून घेतली. "गवई, रस्ता काढाले शिक अन् परत घालालेबी शिक. घालता आला नाई त तूबी मेडशीले येशीन."

ते गेले आणि दोन्ही रस्ते पुन्हा मुख्य झाले. तेव्हापासून सकाळी आल्या आल्या मी जावयाचा रस्ता काढतो आणि संध्याकाळी जावई आपल्या लाइनवरची वर्दळ तपासायच्या आत परत घालतो. स्कॅन पोहोचतात. परवाच्या सभेत एकमताने ठराव झाला: दोन लाइन दिल्यामुळे रुग्णसेवा सुधारली, याबद्दल अध्यक्ष आणि उपाध्यक्षांचं अभिनंदन. मी चिडून मेडशीला फोन लावला आणि ठराव वाचून दाखवला. मोबीनभाई पोटभर हसले. मग म्हणाले, "कालच्या पेशंटचा स्कॅन गेला काय?"

"गेला."

"मंग होऊ दे ठराव."