पार्वतीबाईंचं खुरपं

वरवंडला हायवे सोडून आत वळलं की चौथं घर सरूबाईंचं. गेटातून आधी दिसते ती हिरवळ. पोरीबाळी तिथं उभ्या राहून फोटो काढतात. जिचा जन्म शेतातलं तण काढण्यात गेला, तिच्या दारात शोभेला गवत लावलंय, याची सगळ्यात जास्त गंमत सुरुवातीला सरूबाईंनाच वाटली होती.

"अगं बया, ही तर हरळीच की!" टेम्पोतून गवताच्या गुंडाळ्या उतरत होत्या तेव्हा त्या म्हणाल्या होत्या. "हिच्यापायी आमच्या कमरेचा काटा ढिला झाला, आन् तू इकत आणली व्हय रं?"

"आई, हे लॉन आहे," पुण्याहून आलेला विश्वजीत म्हणाला. "हरळी म्हणू नको लोकांपुढं."

लग्न होऊन आल्या तेव्हापासून सरूबाईंच्या हातात खुरपं होतं. ऊस खुरपला, कांदा खुरपला, पोटात पोर असताना हरभरा खुरपला. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे गेले. डॉक्टरांनी मांडी घालून बसायचं नाही म्हणून सांगितलं. मग हिरवळीतलं आणि कडेच्या वाफ्यांतलं तण काढायला पार्वतीबाई येऊ लागल्या.

पार्वतीबाई बौद्ध वस्तीतल्या. वयानं सरूबाईंच्याच बरोबरीच्या. पंधरा दिवसांनी यायच्या, सकाळी बसायच्या त्या उन्हं कलेपर्यंत. लव्हाळ्याचं एकेक पातं धरून खाली खुरपं घालायच्या आणि मातीतून काळी गाठ अख्खी वर काढायच्या.

"वरनं उपटला तर त्यो हसतो बघा, वहिनी," त्या म्हणायच्या. "म्हणतो, म्हातारे, तू मला ओळखलंच न्हाईस."

वाफ्यात घोळ, तांदुळजा निघाला तर तो भाजीला वेगळा ठेवायचा. अर्धा सरूबाईंच्या ताटलीत, अर्धा पार्वतीबाईंच्या पदरात. मग पायरीवर बसून चहा. पार्वतीबाईंचा चहा खिडकीतल्या स्टीलच्या पेल्यातून. तो पेला वेगळा आहे असं त्या घरात कधी कुणी म्हटलं नाही. तो धुवून खिडकीतच ठेवायचा, एवढंच. खुरपं मात्र पार्वतीबाई घरी नेत नसत. मागच्या पत्र्याच्या खोलीत, फवारणीच्या पंपाशेजारी त्याचा खिळा ठरलेला होता.

मागच्या वर्षी विश्वजीतचं लग्न ठरलं. मुलगी शिरूरची. दसऱ्यानंतरच्या रविवारी तिच्या घरची माणसं पहिल्यांदाच बंगला बघायला येणार होती. आणि नेमकी त्या पावसाळ्यात हिरवळ तणानं माजली होती. मधोमध दुधाणी, केना, जागोजाग लव्हाळा.

दसरा दोन दिवसांवर असताना पार्वतीबाई आल्या. सकाळभर बसून त्यांनी वाफे लख्ख केले. तुळशीवृंदावनाभोवतीची माती भुसभुशीत केली. दुपारी खुरपं धुवून खिळ्याला लावलं.

"हिरवळ ऱ्हायली, वहिनी. ती आता आल्यावर."

"आल्यावर म्हंजी?"

"नागपूरला चाललेय की. दीक्षाभूमीला. पोरीनं तिकिटं काढल्यात. तिथनं तिच्याकडं राहीन आठ-दहा दिवस."

"अगं पारू, रविवारी पाव्हणं यायचंत माझं!"

"मग पाव्हण्यांना गच्चीवर बसवा," पार्वतीबाई हसल्या. "वरनं समदं हिरवंच दिसतंय."

सरूबाईंना हसू आलं नाही. पार्वतीबाई गेल्या आणि त्या हिरवळीकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या डोक्यात आलं. उसात मालक औषध मारतात, त्यानं रुंद पानाचं तण जळतं आणि उसाला काही होत नाही. ऊस म्हणजे तरी काय, गवतच. मग या हरळीला काय होणार? त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. तो फक्त हिरवळीपुरता होता.

सर्जेराव, म्हणजे त्यांचे मालक, गावात गेले होते. हे औषध घराजवळ काढायचं नाही, अशी त्यांची ताकीद होती. सरूबाईंनी पंप भरला, पाठीला लावला आणि गुडघ्यांची कळ सोसत हिरवळ फवारून काढली. मध्येच वारं सुटलं. तोंडावर बारीक तुषार आले तेव्हा त्यांना ते कळलंही, पण थोडंच राहिलं होतं. पंपात उरलेलं औषधाचं पाणी त्यांनी वाफ्याच्या कडेनं सोडून दिलं. हिरवळीच्या त्या कडेलाही दोन-चार लव्हाळे होतेच. पंप जागेवर ठेवला, अंगावर पाणी घेतलं, आणि तुळशीपुढं दिवा लावला.

रविवारी हिरवळ खरोखर निखरून आली होती. दुधाणी, केना वाळून करपले होते, सरूबाईंनी ते झाडणीनं गोळा करून टाकले. शिरूरचे पाहुणे खुर्च्या टाकून बाहेरच बसले. मुलीची आई म्हणाली, "काय सुंदर ठेवलंय हो!" सरूबाईंचा ऊर भरून आला.

शेजारच्या मालनबाई पोह्यांच्या ताटल्या आणायला मदत करत होत्या. भजनी मंडळात पेटीजवळ बसायचा मान त्यांचा, आणि बोलायचाही. त्या वाफ्याजवळ थबकल्या.

"सरू, तुळशीला काय झालं गं?"

तुळस मान टाकून उभी होती. शेंडे पिळवटले होते. जास्वंदीची पानं आत मुडपली होती, गुलाबाची कोवळी फूट वाकडी झाली होती. सरूबाईंनी ते दोन दिवस पाहिलं होतं आणि पाणी कमी पडलं असेल असं स्वतःला सांगितलं होतं. आता पाहुण्यांच्या माना तिकडं वळल्या.

"मुळाला खुरपं लागलं असणार," मालनबाई म्हणाल्या. मग आवाज जरा उतरवून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "आन् तुळशीला कुणाचा बी हात लागू द्यायचा नसतो, बाई. आपलं आपण बघावं."

सरूबाईंच्या नाकात अजून औषधाचा वास होता. किंवा त्यांना तो त्या क्षणी आला. मुलीची आई त्यांच्याकडे बघत होती.

"व्हय," त्या म्हणाल्या. "शेवटी तिनंच खुरपलं."

एवढंच बोलल्या. पण गावात एवढं पुरतं. दिवाळीच्या साफसफाईला गल्लीतली मालनबाईंसकट तीन घरं दरवर्षी पार्वतीबाईंना बोलवायची; या खेपेला एकानंही बोलावलं नाही.

पार्वतीबाई नागपूरहून परतल्या त्या आधी सरूबाईंकडेच आल्या. नेमक्या मालनबाई ओट्यावर बसलेल्या. पार्वतीबाईंनी नमस्कार केला आणि बोलता बोलता वाफ्याशी वाकल्या. गुलाबाचा शेंडा दोन बोटांत धरला.

"वहिनी, ह्ये औषधाचं हाय. उसावर मारताना वारं सुटलं की शेजारच्या वांग्याचं असंच हुतंय. असा पीळ पडतोय बघा."

"आमच्या दारात कुठलं आलंय औषध?" सरूबाई म्हणाल्या. त्यांचाच आवाज त्यांना परका वाटला.

पार्वतीबाईंनी एकदा पत्र्याच्या खोलीकडे बघितलं, एकदा मालनबाईंकडे. शेंडा हळूच सोडला.

"बरं," त्या म्हणाल्या आणि गेटाबाहेर गेल्या. खुरपं मागितलं नाही.

त्यानंतर सरूबाईंना ती खोली नकोशी झाली. पंप आणि खुरपं शेजारी शेजारी टांगलेले. सरपण आणायला गेलं की आधी तेच दिसायचं. संध्याकाळी वाळक्या तुळशीपुढं दिवा लावायच्या, हात जोडायच्या, पण तोंडात नाव येईना. देवाला सगळं ठाऊक आहे याचा इतकी वर्षं त्यांना आधार वाटायचा. आता त्याचीच लाज वाटू लागली.

आणि लव्हाळा परत आला. दुधाणी मेली, केना मेला, हा मात्र पंधरवड्यात बोटभर वर. एका दुपारी सरूबाईंनी खिळ्यावरचं खुरपं काढलं आणि पाय पसरून हिरवळीत बसल्या. पार्वतीबाईंच्या मुठीनं दांडा एका बाजूला झिजला होता. त्यात सरूबाईंची बोटं नीट बसेनात. पहिली गाठ निघाली, तिच्या खाली दोरा, दोऱ्याला दुसरी गाठ, आणि तिसरी. तासाभरात परातीएवढी जागा मोकळी झाली आणि गुडघ्यानं जीव नको केला. ही बाई दिवसभर बसायची आणि वर आपल्याला हसवायची. सरूबाई तिथंच पदरानं तोंड झाकून बसल्या. सर्जेरावांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गुडघा."

तुळशीचं लग्न आलं. मालनबाईंनी आपल्या दारचं रोप कुंडीत लावून आणलं. सर्जेरावांनी कुंडीभोवती चार ऊस उभे करून मांडव बांधला. गल्लीतल्या बायका जमल्या, दोघी अंतरपाट धरायला पुढं झाल्या.

"ही नीट जप गं, सरू," मालनबाई म्हणाल्या. "मागच्यासारखा कुणाचा हात लागू देऊ नको."

"हात माझा लागला," सरूबाई म्हणाल्या.

कुणाला नीट कळलं नाही. एकीनं अक्षतांची वाटी पुढं केली. ती त्यांनी घेतली नाही.

"पार्वतीच्या खुरप्यानं तुळस गेली न्हाई. उसाचं औषध मी मारलं. पाव्हणं यायचं म्हणून. तिनं मला शेंडा दावून सांगितलं, तरी मी खोटं बोलले. तुमच्यादेखत बोलले, मालनबाई."

सर्जेराव मांडवाची गाठ आवळत होते. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. एका बाईनं पोराला उगाच दटावलं.

"अगं, आज लगीन लागायचंय देवाचं," मालनबाई म्हणाल्या. "आन् एका झाडापायी एवढं काय! घे त्या अक्षता."

मंगलाष्टकं सुरू झाली. सरूबाईंना वाटलं होतं, सांगितलं की छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. अक्षता पडत होत्या आणि त्यांना उसाच्या पानांकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खुरपं पिशवीत घालून वस्तीत गेल्या. इतक्या वर्षांत त्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. दारापुढं तेलाच्या डब्यांतून शेवंती फुलली होती, एकाही डब्यात तणाची काडी नाही. आत बुद्धाच्या तसबिरीपुढं तीच शेवंती वाहिलेली.

"या, वहिनी. बसा," पार्वतीबाई म्हणाल्या आणि चहा टाकला. कपबशा एकाच जातीच्या, एक सरूबाईंना, एक त्यांना. सरूबाईंना खिडकीतला पेला आठवला.

"काल समद्यांपुढं सांगितलं मी," त्या म्हणाल्या.

"कळलं मला. सकाळीच कळलं."

"मला माफ कर, असं म्हणायला बी तोंड न्हाई, पार्वतीबाई."

पार्वतीबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायल्या.

"खुरपं चुकलं म्हणाला असता तर सोसलं असतं, वहिनी. चुकतं की एखाद्याचं. पर त्या बाईनं माझ्या हाताचं काढलं, तवा तुम्ही व्हय म्हणाला. पोरीच्या कानावर गेलं ते. ती मला म्हणली, आई, ज्या घरातनं तू पदरात भाजी घेऊन यायचीस, तेच का गं घर?"

सरूबाई खाली बघत राहिल्या. जमीन शेणानं सारवलेली, स्वच्छ.

"गल्लीतल्या बाकीच्या दोघी बोलवणार हायेत तुला. म्हणाल्या मला," त्या म्हणाल्या.

"आन् मालनबाई?"

सरूबाईंनी पिशवी जवळ ओढली.

"ऱ्हाऊ द्या. मला बी तिथं जायाचं न्हाई."

सरूबाईंनी पिशवीतून खुरपं काढून पुढं ठेवलं. पार्वतीबाईंनी धारेवरून अंगठा फिरवला. "मातीत घातलं व्हय ह्ये?"

"लव्हाळा काढत हुते. जमंना मला."

"जमायचं न्हाई. तुमी दांडा लई आवळून धरताय." त्यांनी खुरपं आपल्या दाराच्या कडीला अडकवलं. कप खाली ठेवून सरूबाई उठल्या. येशील का, हे विचारायचं होतं, ते विचारवलं नाही.

उंबऱ्याशी पार्वतीबाई म्हणाल्या, "नवी तुळस एवढ्यात वाफ्यात लावू नका. ती माती औषध प्यालीय. दोन महिनं तिला नुसतं पाणी पाजा, उकरा, ऊन लागू द्या. मग बघू."

सरूबाई घरी आल्या. तुळशीची कुंडी त्यांनी उचलून पायरीवर, वाफ्यापासून लांब ठेवली. खिडकीतला पेला काढून आतल्या भांड्यांत मिसळला, आणि मिसळताना कुणी बघत नसूनही त्यांचे कान तापले. मग नळाची नळी वाफ्यात सोडली. कोरडी माती पाणी पीत राहिली. कडेला एक लव्हाळा पुन्हा वर आला होता. त्या त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. उपटला नाही.