खुराड्याच्या कडीचा बोल्ट

प्रेमला, तुझ्यावर लिहायला घेतलंय. परवानगी मागत नाही. तूही कधी कोणाची मागितली नाहीस. तुझी ती फळी माझ्या पडवीत उभी आहे, ती बघून वाटलं, एकदा सांगूनच टाकावं. शिव्या दे, पण आधी वाच.

तर एडवणची ही प्रेमला. गावात पॉवर टिलर चालवणारी बाई हीच. यंत्रात अर्धा वाटा तिचा, अर्धा थोरल्या दिराचा, विश्रामचा. भात कापून झालं की वालासाठी जमीन फिरवायला लोक हिलाच बोलावतात, आणि विश्रामला नेमकं तेच सलतं.

खाऱ्या वाऱ्यात इथे सगळंच गंजतं. म्हणून बोल्ट घेताना माणसं एवढंच बघतात, गंजतो की नाही. प्रेमलानेही तेच केलं. टिलरच्या फिरत्या पात्यांचे तांबारलेले बोल्ट काढले आणि बोईसरहून चकचकीत स्टेनलेसचे आणून बसवले. होडीवाले वापरतात, मग शेताला काय धाड भरली? पुढच्याच कामाला बांधाचा दगड लागला, पाती सुटली आणि विश्रामच्या पायाजवळून सणसणत गेली.

“विकून टाकू,” विश्राम गरजला. “बाईमानसाचं काम नाय हां ते.”

“बोल्ट सुटला, भावोजी. बाई काय नटात बसलेली?”

“मंग माज्या दगडाळ तुकड्यात चालवून दाव. एक पाती निखळली तरी यंत्र विकायचं.”

“चालंल. नाय निखळली तर विकायचं नाव काढायचं नाय.”

घरी येऊन तिने सुटलेला बोल्ट निरखला. गंजाचा ठिपका नाही, पण मधोमध कंबर बारीक झालेली. ताणून ताणून सैल पडला होता. मग तिला कोंबड्यांच्या खुराड्याची कडी आठवली. यंत्राबरोबर आलेला एक जुना बोल्ट तिनेच तिथे खोचला होता. उपसला, घासला. वरून तांबडा, पण अंगाने सरळ, आटे शाबूत, डोक्यावर ताकदीचा आकडा, आठ पॉइंट आठ. स्वतःवरच चरफडली आणि तो कनवटीला लावून बोईसर गाठलं.

दुकानदाराने पुन्हा स्टेनलेसच पुढे केले. “भाभी, ये कभी जंग नहीं पकडेगा.”

“पकडू दे. गंज दिसतो तरी. ताणलेला बसल्या जागी दिसत नाय.”

मग त्याने सगळ्यात कडक काळा बोल्ट काढला. “ये तो टूटेगाच नहीं.”

“लई कडक ते दगडावर तडकतं. हानून बगू? इथंच?”

त्याने तो आत ठेवला. प्रेमलाने जुन्या आकड्याचेच बोल्ट घेतले, सोबत नवे नट आणि स्प्रिंग वॉशर. गंजतील तेव्हा बदलीन, म्हणाली.

येताना फळी आणि रंगाचा डबा माझ्या दारात आदळला. “माई, तुमचं अक्षर चांगलं. ‘विकणे आहे’ लिवून ठेवा. हरले तर माज्या हातानं लावीन.”

दुसऱ्या दिवशी विश्रामच्या बांधावर बघे जमले. दगड खणाखण वाजत होते. एक फेरी होताच प्रेमलाने यंत्र बंद केलं आणि पाना काढला.

“ढिले पडले ना?” विश्राम हसला.

“नवा बोल्ट एकदा परत आवळावाच लागतो. तुमीच नाय आवळलात कदी.”

मग तुकडा संपेपर्यंत ती थांबली नाही. विश्रामने वाकून प्रत्येक पाती हलवून बघितली. एकही हलेना. हलवून हलवून त्याचाच हात दुखला असेल.

“झालं समाधान? सरका आता, कोपरा राहिलाय तुमचा.”

प्रेमला, रंग डब्यात वाळून दगड झाला. फळी न्यायला येते म्हणालीस, यंत्र घेऊन गावभर फिरतेस, पण इकडे फिरकली नाहीस. मीही त्यावर अक्षर काढलेलं नाही.