झुंबरचा आठवा नमुना

द्वारका चौकाजवळच्या एका लॅबमध्ये झुंबर रक्त तपासायचा. थोरला भाऊ भिकन एकोणचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेला, त्याच्या दीड महिना आधीचा रिपोर्ट झुंबरनंच टाइप केला होता. कोलेस्टेरॉल नॉर्मल. आकडा खोटा असता तर बरं झालं असतं, कुणाला तरी दोष देता आला असता. तो खरा होता.

पुढे तपासणीचं सामान विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं ठेवलेल्या कागदांत त्याला अपो-बी नावाचं प्रथिन सापडलं. झुंबर ते आपल्या पद्धतीनं समजावून सांगे: कोलेस्टेरॉल हा माल. तो रक्तातून वाहून नेणाऱ्या प्रत्येक गाडीवर हे प्रथिन एकदाच असतं. माल तेवढाच, पण लहान लहान गाड्यांत भरलेला असेल तर गाड्या जास्त आणि कोंडीही जास्त. आपण नुसता माल मोजतो.

आता धाकटा संघर्ष उरला होता. मनमाडला रेल्वेत, वय सदतीस. भिकनसारखाच ठेंगणा, भिकनसारखाच हसरा. झुंबरला त्याच्याकडे बघवत नसे.

२००३च्या मे महिन्यात लॅबच्या मॅडमनी अपो-बी मोजायचा एक किट मागवला. उघडल्यावर तो टिकत नसे, म्हणून आठ नमुने एकाच दिवशी हवे होते. सात पेशंट जमले. आठवा संघर्ष. त्याला सुट्टी होती बुद्धपौर्णिमेची, तोच दिवस ठरला. रात्रीपासून पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, असं झुंबरनं तीनदा फोन करून सांगितलं.

संघर्ष दहाला आला, पांढऱ्याशुभ्र शर्टात. झुंबरनं रक्त काढून नळी मशीनमध्ये फिरवली. वर स्वच्छ पिवळसर पाणी यायला हवं होतं. आलं ते दुधासारखं.

"काय खाल्लंस?"

"काही नाय."

"संघर्ष!"

"पहाटे विहारात खीर होती फक्त. विठाबाईंनी दोन वाट्या वाढल्या, नाही कसं म्हणणार? खीर म्हणजे काय जेवण असतं का, दादा?"

किटमधलं औषध त्या प्रथिनाला धरतं, द्रव गढूळ होतो आणि यंत्र तो गढूळपणा मोजतं. आधीच गढूळ असलेल्यात ते काय मोजणार? सात परक्या माणसांचे आकडे आले. आठवा आला नाही. पातळ करून पाहिलं, तरी नाही.

"उद्या उपाशी ये. उद्यापर्यंत किट चालवतो कसाही."

"उद्या ड्युटी. कोलेस्टेरॉल किती ते सांग."

"नॉर्मल आहे. पण त्याला काही अर्थ नाही रे!"

"वा! नॉर्मल तूच म्हणतो, वर ओरडतोही तूच. माझ्या रक्तात खोट सापडेपर्यंत तुला चैन नाय पडायचं."

मग झुंबर खरंच ओरडला. भिकनचं नाव घेऊन ओरडला. बाकावरचे पेशंट बघत राहिले. संघर्षनं बाही खाली केली आणि तो निघून गेला.

पुढचा किट यायला अकरा महिने लागले. संघर्ष आला नाही. आठव्या नळीत झुंबरनं स्वतःचं रक्त घातलं. आकडा हद्दीच्या बराच वर. त्याला भीती वाटली नाही, उलट हातात पुरावा आल्यासारखं वाटलं. त्यानं लगेच मनमाडला फोन लावला.

"एकाच आईबापाचं रक्त आपलं. माझं वाढलेलं निघालंय. आता तरी ये."

पलीकडे कुठली तरी गाडी धडधडत निघून गेली.

"मग तू गोळी सुरू केली का?"

झुंबरनं समोरचा स्वतःचा रिपोर्ट उलटा ठेवला.

"डॉक्टरला तरी दाखवलं?"

"आधी तुझं बघू म्हटलं."

"आधी तू दाखव," संघर्ष म्हणाला, "मग मी येतो," आणि त्यानं फोन ठेवला.